काय न्यावं ते छापलंत, मागे काय ठेवावं ते राहिलं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत समुद्रसफरीला निघताना काय काय न्यावं याची यादी आली आहे. टोपी, गॉगल, पाण्याची बाटली, उलटीची गोळी, मोबाइलला प्लास्टिकची पिशवी, लाइफ जॅकेट. यादी चांगली आहे, मी कात्रण काढून ठेवलंय. पण होडीत बसण्याआधी घरात एक कागद ठेवून जावा, हे त्यात कुठेच नाही. त्या कागदासाठी हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण कागद तेवढा कापू नका.

मी देवबागला राहते. एकीकडे कर्ली खाडी, दुसरीकडे समुद्र आणि मध्ये आमची माडांची चिंचोळी पट्टी. माझी ३१ वर्षं टेलिफोन खात्यात गेली, त्यातली सुरुवातीची ट्रंक कॉलची, म्हणजे ऑपरेटरला सांगून परगावी लावायच्या फोनची. ज्यांना आठवत असेल त्यांना आठवेल, ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन दर असायचे. पलीकडचा माणूस रडत असला तरी ऑपरेटरने आधी नंबर विचारायचा, रडणं नंतर. "पत्ता नको, नंबर सांगा" असं मी किती लोकांवर खेकसले असेन याचा हिशेब नाही. ते सगळं एका मे महिन्यात माझ्याकडे व्याजासकट परत आलं.

माझा भाचा, पुण्याच्या बहिणीचा मुलगा, तीन मित्रांना घेऊन आला होता. सकाळी सात वाजता चौघं एका ओळखीच्या होडीवाल्याबरोबर डॉल्फिन बघायला निघाले. "मावशी, जेवायला येतोच," एवढं म्हणाला. मी विचारलं नाही. आपल्याकडे बाहेर पडणाऱ्याला 'कुठे' विचारत नाहीत, अपशकुन होतो. त्यात दर्यावर जाणाऱ्याला तर नाहीच नाही. मी तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं केलं, सोलकढी केली आणि वाट बघत बसले.

एक वाजला, दोन वाजले. फोन लावला तर 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर'. शेजारचे तात्या जुने तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके. ते पडवीत जाळं शिवत बसले होते, मान वर न करता म्हणाले, "अगो बाय, येतले. दर्यार वेळ होताच." तीन वाजता वारा वाढला. आमच्याकडे सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा असतो तोवर पाणी तेलासारखं, पण दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटला की त्याच पाण्यात लहान होडी पुढे सरकायचं नाव घेत नाही. ते मला रोज दिसतं. तरी साडेचारपर्यंत मी फोन केला नाही. का केला नाही, ते पुढे सांगते, कारण खरी गोम तिथेच आहे.

पहिल्यांदा ज्या कार्यालयात फोन केला तिथे तो नुसता वाजत राहिला. मग तटरक्षक दलाचा १५५४ लावला. पलीकडचा माणूस शांत होता. माझ्यासारखाच शिकवलेला असणार.

बोटीचं नाव? माहीत नाही. क्रमांक? माहीत नाही. कुणाची? मी होडीवाल्याचं टोपणनाव सांगितलं, खरं नाव मला आजही नीट येत नाही. रंग? पांढरी, निळा पट्टा. हे सांगताना माझं मलाच कळत होतं की इथून मालवण जेटीपर्यंत निम्म्या होड्या पांढऱ्या आणि निळ्या पट्ट्याच्याच आहेत. लांबी? मशीन एक की दोन? छत आहे का? एकूण माणसं किती? चार अधिक होडीवाला पाच, असं मी म्हटलं खरं, पण त्याच्याबरोबर त्याचा पोरगा असतो कधीकधी, म्हणजे कदाचित सहा. जॅकेट घातली होती का? कुठल्या दिशेने गेले, भोगवे-निवतीकडे की तारकर्ली-मालवणकडे?

"डॉल्फिन बघायला," मी म्हटलं.

"मॅडम, कुठल्या बाजूला?"

"समुद्रात."

३१ वर्षं दुसऱ्यांना नंबर विचारलेल्या बाईचं हे उत्तर.

शेवट गोड झाला, नाहीतर हे पत्र लिहायला हात उचलला नसता. मशीन बंद पडलं होतं. नांगर टाकून ते निवतीच्या अलीकडे थांबले होते, एका मच्छीमार नौकेने दोर टाकून त्यांना निवती बंदरात ओढत नेलं. आणि आता ऐका. साडेतीनलाच नेलं होतं. म्हणजे मी इकडे 'समुद्रात' म्हणून सांगत होते, तेव्हा भाचा निवतीला टपरीवर दुसरा चहा पीत होता. त्याचा फोन पाण्यात पडला होता, बाकीच्यांचे बंद पडले होते. टपरीवाला स्वतःचा फोन देत होता, पण माझा नंबर पाठ कुणाला? चार पदवीधर, चौघांनाही आईचासुद्धा नंबर पाठ नाही. साडेसहाला रिक्षाने दारात आले. मी आधी १५५४ ला फोन करून सगळे सुखरूप आल्याचं कळवलं, मग भाच्याकडे वळले. त्याला काय बोलले ते छापण्यासारखं नाही.

त्याच रात्री त्याच्या एका इंजिनिअर मित्राने खजील होऊन माझ्या किराण्याच्या वहीत हिशेब मांडला. मशीन बंद पडलेली होडी ताशी फक्त दोन किलोमीटर वाहत गेली असं धरा. तीन तासांत सहा किलोमीटर. दिशा माहीत नसेल तर शोधायचं वर्तुळ शंभर चौरस किलोमीटरच्या वर जातं. अर्धं जमिनीवर पडतं म्हणून सोडलं तरी पन्नासच्या वर पाणी उरतं. सहा तास झाले की ते चौपट. त्यात एक पांढरी, निळ्या पट्ट्याची होडी. कागद असता तर शोध सुरू झाला असता 'सकाळी सात, देवबाग संगमावरून दक्षिणेला, निवतीच्या रोखाने, किनाऱ्यापासून फार आत नाही' इथून.

या कागदाला परदेशात फ्लोट प्लॅन म्हणतात. अमेरिकेत तटरक्षक दलाच्या स्वयंसेवक शाखेने त्याचा छापील नमुनाच केलेला आहे. भाच्याने दाखवला तेव्हा मला गंमत वाटली ती एका गोष्टीची. तो कागद तटरक्षक दलाकडे पाठवायचा नसतो. तो घरच्या किंवा ओळखीच्या, जमिनीवर थांबणाऱ्या माणसाकडे द्यायचा. वेळेत परत आला नाहीत तर त्या माणसाने फोन करायचा आणि कागद वाचून दाखवायचा. आमची ट्रंक कॉलची चिठ्ठीच ती. कुणाकडून, कुणाला, किती वाजता.

हे काही आपल्याला नवीन नाही. माझे सासरे रापणीत होते, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या मासेमारीत. त्या काळी वाडीतल्या बायका शिडावरून सांगायच्या कुणाची होडी येतेय. कोण किती वाजता गेला, कुठल्या अंगाला गेला, बरोबर कोण, हे न विचारता सगळ्या वाडीला ठाऊक असायचं, आणि एखादी होडी राहिली तर दुसऱ्या चार तिच्या वाटेवर सुटायच्या. 'कुठे' विचारायची गरजच नव्हती म्हणून तो अपशकुन परवडत होता. आता होडीत पुण्याची, बेळगावची, साताऱ्याची माणसं असतात. ती वाडीच्या डोळ्यांना ओळखू येत नाहीत. मासेमारीला जाणाऱ्या नौका बंदरावर टोकन घेऊन जातात, खलाशांची नावं नोंदलेली असतात. हौसेने जाणाऱ्याची तेवढीही नोंद कित्येकदा नसते. तात्यांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "इचारू नये म्हणून सांगल्यानी, लिवन ठेवू नये असा खंय सांगल्यानी?" माझी शंका तिथेच मिटली.

न कळण्याची किंमत केवढी असते, हे मुंबई-रेवस भागातल्या जुन्या माणसांना सांगायला नको. १७ जुलै १९४७ ला सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली. आषाढी अमावस्येसाठी गावी निघालेली माणसं. सहाशेहून अधिक गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, मुंबईत बातमी पोचायला संध्याकाळ झाली. रेवसच्या धक्क्यावर वाट बघणाऱ्यांना आधी 'आज बोटीला उशीर झाला' एवढंच वाटलं असेल. टेलिफोनवाल्या बाईला त्या मधल्या तासांचा विचार सोडवत नाही.

अगदी अलीकडे, १८ डिसेंबर २०२४ ला, गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि १५ जीव गेले. दिवसाढवळ्या, मुंबईच्या तोंडासमोर, आणि तरी बोटीवर नेमकी किती माणसं होती याचे आकडे पहिले काही तास बदलत होते. समुद्रालाच दोष द्यायला नको. २१ मे २०२४ ला उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीला निघालेली बोट संध्याकाळच्या वाऱ्यात उलटली. सात जणांतला एक पोहत काठाला लागला, बाकीचे सहा गेले. तिथले लोक रोज त्या पाण्यातून ये-जा करतात. रोजच्या पाण्यावर जाताना कुणी कागद लिहीत नाही, हे मला कळतं. कागदाने कुणी तरंगत नाही, जॅकेटने तरंगतो, हेही कळतं. पण तो पोहत काठाला लागणारा एक जण प्रत्येक वेळी असेलच असं नाही.

आता मी साडेचारपर्यंत फोन का केला नाही ते. लाज. दुसरं काही नाही. एक वाजता वाटलं, आत्ताच काय. दोन वाजता वाटलं, फोन करायचा आणि पाच मिनिटांत ही मंडळी हसत दारात, मग वाडीत वर्षभर चेष्टा. तीनला तात्यांच्या 'येतले'चा आधार घेतला. चारला तर भीतीच वाटायला लागली की फोन केला तर ते खरं होईल. जमिनीवर थांबलेल्या माणसाच्या डोक्यात काय चालतं ते होडीत बसलेल्याला कळत नाही. म्हणून माझ्या मते त्या कागदावर सगळ्यात मोलाची ओळ परतीच्या वेळेची नाही, तिच्या खालची आहे. आमच्या घरात तिला आता 'बोंब मारायची वेळ' म्हणतात. परत येणार बाराला. एक वाजता होडीवाल्याला फोन, दीड वाजता जेटीवरच्या आणि पलीकडच्या गावातल्या होडीवाल्यांना, दोन वाजता १५५४. हे जाणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहून, सही करून ठेवायचं. मग मला धीर गोळा करावा लागत नाही आणि लाजही वाटत नाही, कारण ठरवलं त्याने, मी फक्त घड्याळ बघते.

बाकीचं काय लिहायचं ते १५५४ वरच्या त्या माणसानेच मला शिकवलं, मी फक्त त्याच्या प्रश्नांची उत्तरं आधी लिहून घेते. होडीचा क्रमांक, बाहेरून रंग आणि आतूनही रंग, कारण उलटली तर वर काय दिसेल ते वेगळं. छताच्या ताडपत्रीचा रंग. मशीन किती हॉर्सपॉवरचं आणि एकच आहे का. माणसांची नावं, वयं, कुणाला पोहता येतं, कुणाला बीपीची किंवा साखरेची गोळी लागते. अंगातल्या शर्टाचा रंग. जॅकेट किती, आणि त्यात लहान मुलांच्या मापाची किती. हा प्रश्न मी जेटीवर विचारते तेव्हा बऱ्याचदा समोरचा डोकं खाजवतो. मोबाइल नंबर सगळ्यांचे, आणि कुठल्या कंपनीचं सिम, कारण काही ठिकाणी एकाला रेंज असते दुसऱ्याला नसते. वायरलेस संच असेल तर तसं लिहायचं. असला की तो १६ नंबरच्या चॅनेलवर ऐकत ठेवायचा असतो, आमच्याकडच्या लहान होड्यांवर मात्र मी तो पाहिलेला नाही.

पेट्रोल किती लिटर, हेही. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव, असा साधा हिशेब आहे. होडीवाले म्हणतात एवढं कोण ठेवतो. ठेवत नाहीत म्हणूनच लिहून घ्यायचं.

आणि नाही परत येता आलं तर कुठे लागणार, ते. हे आमच्याकडे फार महत्त्वाचं. उधाणाची ओहोटी जोरात बाहेर पडत असते आणि समोरून लाट येते, तेव्हा खाडीच्या तोंडाशी पाणी अक्षरशः उभं राहतं. शहाणा होडीवाला त्या वेळी आत घुसत नाही, निवतीला किंवा वर सर्जेकोटला जातो आणि भरतीची वाट बघतो. तो शहाणपणा करतो आणि घरचे इकडे अर्धमेले होतात. कागदावर 'तोंड खवळलं तर निवती' एवढे चार शब्द असले तर पहिला फोन निवतीला जातो. भरतीची वेळ आम्ही तिथीवरून काढतो. तिथीची पाऊणपट केली की तास निघतात. तो हिशेब मुंबईकडचा, आमच्याकडे भरती थोडी आधी येते, पण अंदाजाला पुरतो. मी कागदाच्या कोपऱ्यात तिथी लिहितेच. भाचा हसतो. हसू दे.

दोन प्रती काढते, मध्ये कार्बन घालून. कार्बन पेपर अजून मिळतो, मालवणच्या बाजारात विचारून बघा. एक प्रत आमच्या फ्रीजवर, एक होडीवाल्याकडे. शिवाय प्रत्येकाच्या जॅकेटच्या खिशात प्लास्टिकमध्ये घातलेली चिठ्ठी, त्यावर माझा नंबर. ही निवतीच्या टपरीने शिकवलेली सुधारणा.

एका जलक्रीडेच्या काउंटरवर मी हा कागद दाखवायला गेले होते. तिथला मुलगा चांगला होता, बसायला खुर्ची दिली. म्हणाला, "काकी, तीन किलोमीटरला एवढं कशाला? लोक घाबरतील ना." मी म्हटलं, बाबा, तारकर्लीला २४ मे २०२२ ला स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले, ते काही अमेरिकेच्या वाटेवर नव्हते. तो गप्प झाला. कागद ठेवून घेतला, पुढे काय केलं माहीत नाही.

माझं सांगणं होमस्टे चालवणाऱ्यांना जास्त आहे, कारण पाहुण्याच्या बाबतीत जमिनीवर थांबणारा माणूस म्हणजे तेच. आम्ही आधार कार्डाची झेरॉक्स घेतो, रजिस्टरात गाव, फोन, गाडीचा नंबर लिहितो. त्याच रजिस्टरात आणखी एक रकाना: आज कुठल्या होडीने, किती वाजता परत. एवढ्याला ना परवानगी लागते ना पैसे. पाहुण्यांची गाडी रात्री आठला अंगणात तशीच उभी असेल तर मालकाला काहीतरी खटकलं पाहिजे, आणि खटकल्यावर हाताशी काहीतरी लिहिलेलं पाहिजे.

आपल्याला विनंती एवढीच, की दिवाळीपासून मे अखेरपर्यंत महिन्यातून एकदा, शनिवारच्या अंकात, या कागदाचा कोरा नमुना पाव पानात छापावा, कापून भरता येईल असा. त्यावर १५५४ ठळक. कोडी, सुडोकू आपण छापताच, तेवढीच जागा लागेल.

माझा नमुना सोबत जोडला आहे. ती कार्बनची प्रत आहे, मूळ वहीत आहे, त्यामुळे थोडं फिकट वाटेल. एक दुरुस्ती तेवढी करावी. सगळ्यात खाली 'परत पोचलो, वेळ' असा रकाना आहे, तो मी लहान ठेवला होता. पोचल्यावर आधी कागदवाल्याला कळवायचं आणि मग चहा प्यायचा, हे भाच्याच्या अजून अंगवळणी पडलेलं नाही. तो रकाना मोठा करावा, जमल्यास चौकट घालून.

कळावे,
आपली,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर
देवबाग, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग

(नाव छापू नये. भाच्याचं अजून लग्न ठरायचं आहे.)